जुना डेटाबेस काढल्यावर काय काय मोडते?

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात मार्कंडा नावाची दोन गावे आहेत. एक वैनगंगेच्या काठचे, देवळांचे मार्कंडादेव. दुसरे आष्टीकडच्या जंगलपट्ट्यातले मार्कंडा कंसोबा. इथल्या माणसाचा या दोन नावांत गोंधळ होत नाही. फॉक्सप्रोत लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामचा मात्र होऊ शकतो. फॉक्सप्रोत दोन शब्दांची तुलना करताना मूळ नियम असा, की उजवीकडचा शब्द जिथे संपेल तिथे तुलना थांबवायची. त्यामुळे ‘मार्कंडा’ शोधले की ‘मार्कंडादेव’ही सापडते आणि ‘मार्कंडा कंसोबा’ही. असा प्रोग्राम लिहिणाऱ्याने कधीतरी या सवयीचा आधार घेऊन पुढची जुळवाजुळव केलेली असते आणि वर्षानुवर्षे अहवाल बरोबर निघत राहतो. मग एक दिवस फॉक्सप्रो काढून पोस्टग्रेस येतो. तिथे बरोबरीचे चिन्ह पूर्ण शब्द पाहते. त्याच ओळीला आता एकही गाव सापडत नाही. कंपायलरची तक्रार नसते, बिल्ड हिरवे असते आणि अहवालात दोन्ही मार्कंडांच्या जागी शून्य असते.

जुन्या डेटाबेसवरचे अवलंबन काढण्याविषयी जे काही लिहिले जाते, त्यातले बरेचसे पडद्यावर दिसणाऱ्या एररविषयी असते. त्या एरर त्रास देतात हे खरे, पण त्या प्रामाणिक असतात. फाइलचे नाव सांगतात, ओळीचा क्रमांक सांगतात. खरा धोका त्यांच्या पलीकडे आहे. बिल्ड दुरुस्त करण्याच्या घाईत आपण तो धोका आणखी खोल गाडून ठेवतो. हा आढावा त्यासाठीच आहे.

आधी, हे डेटाबेस काढावे का लागतात ते पाहू. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टने १९९२ साली विकत घेतले. त्याची नववी आवृत्ती शेवटची ठरली. पुढची निघणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. महाराष्ट्रातल्या पतसंस्था, सेवा सहकारी संस्था, दूध संघ, शाळांची कार्यालये यांतले कितीतरी हिशेब या काळात फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींत साठले. त्याच्या जोडीला व्हिज्युअल बेसिक आणि अ‍ॅक्सेसची जोडी होती. अ‍ॅक्सेसच्या फाइली वाचणारा जेट ४.० हा ड्रायव्हर फक्त ३२ बिटांचा. ६४ बिटांचे बिल्ड केले की ‘प्रोव्हायडर नोंदलेला नाही’ हा निरोप येतो आणि ज्याने तो कधी पाहिला नाही असा त्या पिढीतला प्रोग्रामर शोधावा लागेल.

तिसरे मोठे उदाहरण बर्कली डीबीचे. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात जन्मलेली ही छोटी लायब्ररी मेल सर्व्हरपासून पॅकेज मॅनेजरपर्यंत सगळीकडे बसवलेली होती. २००६ मध्ये ओरॅकलने ती मूळ कंपनीसह घेतली आणि २०१३ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून तिचा परवाना बदलून अधिक कडक केला. अनेक लिनक्स वितरणे ५.३ वरच थांबली, आणि थांबलेली लायब्ररी कायम ठेवता येत नाही म्हणून एकेकाने ती काढायला घेतली. म्हणजे कारणे तीन प्रकारची: मालकाने सोडून दिले, यंत्र बदलले, परवाना बदलला. ‘नवे चांगले आहे म्हणून बदलू’ हे कारण प्रत्यक्षात क्वचितच पहिले असते, आणि म्हणूनच हे काम बहुतेक वेळा नाइलाजाने, उशिरा आणि घाईत होते.

मार्कंड्याच्या मुख्य मंदिराची एक हकिगत इथे आठवते. वीज पडून शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला आणि पुढे गोंड राजवटीत छत सावरण्यासाठी आत जाड, साधे खांब आणि कमानी उभारल्या गेल्या. मूळच्या कोरीव कामापुढे ते खांब ओबडधोबड दिसतात. पण एकदा छताचा भार त्यांच्यावर आला, की ते ‘नंतरचे’ राहत नाहीत. ते काढायचे तर आधी कोणता दगड कशावर टेकला आहे हे शोधावे लागते. जुना डेटाबेस असाच असतो. वीस वर्षांपूर्वी कुणी सोय म्हणून घातलेला, आणि आज ज्याच्यावर नेमके काय टेकले आहे हे कुणालाच पूर्ण ठाऊक नसलेला.

आता प्रत्यक्ष बिल्डकडे वळू. सी किंवा सी++ मधला प्रकल्प असेल तर पहिला आघात हेडरचा. ‘डीबी डॉट एच’ सापडत नाही, की त्यामागे शेकडो एरर कोसळतात. अनुभवी माणूस यातली फक्त पहिली वाचतो. उरलेल्यांतल्या बहुतेक पहिलीच्याच सावल्या असतात. एका प्रकाराची व्याख्या हरवली म्हणून तो प्रकार वापरणारी प्रत्येक ओळ ओरडते. हेडरचा प्रश्न सुटला की लिंकर बोलू लागतो: अमुक फंक्शनचा पत्ता सापडत नाही. हे दोन आवाज वेगळे ओळखणे महत्त्वाचे. कंपायलरची तक्रार ‘हे नाव मला माहीत नाही’ अशी असते. लिंकरची ‘नाव माहीत आहे, पण काम करणारा कुठे आहे?’ अशी. लिंकरपर्यंत तक्रार पोहोचली, याचा अर्थ कुठेतरी जुनी घोषणा अजून शिल्लक आहे. ती शोधून काढणे हेच काम. लायब्ररी परत जोडून टाकणे ही दुरुस्ती नव्हे.

आणि लायब्ररी परत जोडली जातेच, बहुतेकदा आपल्या नकळत. आपण थेट वापरणे थांबवले तरी दुसरी एखादी लायब्ररी तिला मागच्या दाराने आणते. जावामध्ये मेव्हनला अवलंबनांचे पूर्ण झाड छापायला सांगितले की हे दिसते. लिनक्सवर तयार झालेल्या फाइलीला ती कोणकोणत्या लायब्ररींवर उभी आहे हे विचारता येते. शिवाय काम करणाऱ्याच्या मशीनवर जुन्या ऑब्जेक्ट फाइली, कॅशमधली जारे, कधीकाळी हाताने टाकलेली डीएलएल पडून असतात. त्यांच्या जोरावर बिल्ड होते आणि दुसऱ्या मशीनवर फसते. म्हणून माझा आग्रह असा, की जुना डेटाबेस काढल्यानंतरचे पहिले बिल्ड कोऱ्या मशीनवर किंवा कोऱ्या कंटेनरमध्येच करावे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे नेटवर्क पावसाळ्यात दिवसभर गायब राहू शकते, तिथे हे बोलायला सोपे आणि करायला कठीण आहे: कोरे बिल्ड म्हणजे सगळी अवलंबने पुन्हा उतरवणे. यावर उपाय म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींची एक स्थानिक साठवण आधी भरून ठेवणे आणि बिल्डला फक्त तिथूनच घ्यायला सांगणे. याचा एक फायदा असा, की साठवणीत जुन्या डेटाबेसची लायब्ररी ठेवलीच नाही तर कुणी मागच्या दाराने मागितली रे मागितली की लगेच कळते.

एक दुरुस्ती मात्र कधीच करू नये. फंक्शन सापडत नाही म्हणून त्याच नावाचे पोकळ फंक्शन लिहायचे, ते शून्य परत करेल आणि लिंकर गप्प बसेल. बर्कली डीबीत शून्य म्हणजे यश. म्हणजे पोकळ फंक्शन दर वेळी ‘नोंद सापडली’, ‘नोंद लिहिली’ असे सांगत राहते आणि लिहिले काहीच जात नाही. अगदी तात्पुरते पोकळ फंक्शन लागलेच तर त्याने प्रोग्राम मोठ्या आवाजात थांबवला पाहिजे. जे फंक्शन काम करत नाही त्याने काम झाल्याचे सांगू नये, एवढा साधा नियम पाळला तरी अर्धे अनर्थ टळतात.

याचाच शांत भाऊ म्हणजे अटीवर होणारे कंपाइलिंग. ‘बर्कली असेल तर हा भाग घ्या, नसेल तर वगळा’ अशी जुनी सोय कित्येक प्रकल्पांत असते. कॉन्फिगरमधून लायब्ररी काढली की तो सगळा भाग आपोआप वगळला जातो, एकही एरर न येता. बिल्ड पूर्वीपेक्षा वेगाने होते. सुविधा गेलेली असते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या बाबतीत हे घडले: आल्पाइन लिनक्सने त्यातून बर्कली वगळल्यावर पोस्टफिक्स बनत होता, चालू होत होता, पण ज्यांच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुन्या ‘हॅश’ तक्त्यांचा उल्लेख होता त्यांचे मेल अडू लागले. ते तक्ते ‘एलएमडीबी’ या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नव्याने बांधून घेणे एवढेच काम होते, पण ते करायचे आहे हे बिल्डने कुणालाच सांगितले नव्हते.

जावाचा प्रकार तर आपल्याकडच्या महाविद्यालयांनी जवळून पाहिला आहे. संगणकाच्या प्रात्यक्षिकात जावातून अ‍ॅक्सेसला जोडायचे म्हणजे जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज, हे वर्षानुवर्षे ठरलेले होते. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने तो ब्रिजच काढून टाकला. गंमत नाही, गंभीर गोष्ट ही की विद्यार्थ्यांचे प्रोग्राम कंपाइल होतच राहिले. कारण ड्रायव्हरचे नाव कोडमध्ये अवतरणचिन्हांत, साध्या मजकुरासारखे लिहिलेले असते. कंपायलरच्या दृष्टीने ते ‘नमस्ते’ लिहिण्यासारखेच. चालवल्यावर मात्र ‘वर्ग सापडला नाही’. पुस्तकातून शिकणारा विद्यार्थी अशा वेळी स्वतःलाच दोष देतो आणि हे मला फार अन्यायाचे वाटते. चूक त्याची नसते. त्याच्या पायाखालची पायरी कुणीतरी काढलेली असते. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीत सुरू झाले, चंद्रपूरला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथल्या मुलांना डेटाबेस जोडणे शिकवताना तो उपटून दुसरा बसवण्याचा एक धडाही प्रात्यक्षिकात असावा. नोकरीत त्यांना पहिल्या वर्षी बहुधा हेच काम मिळणार आहे.

मजकुरात लपलेली अवलंबने शोधायला कंपायलर उपयोगी नाही, शोधयंत्र उपयोगी आहे. ड्रायव्हरची नावे, कनेक्शनची वाक्ये, एसक्यूएलचे तुकडे, बॅच फाइली, रात्री आपोआप चालणारी कामे, छपाईचे साचे: सगळ्यांत जुन्या डेटाबेसचे नाव आणि त्याचे फाइल-शेपूट शोधावे लागते. ओरॅकल काढून पोस्टग्रेस आणणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. ‘सिसडेट’, ‘रोनम’, ‘एनव्हीएल’, कंसातले अधिकचिन्ह लावून केलेली जोडणी, हे सगळे एसक्यूएलच्या मजकुरात असते आणि ते वाक्य प्रत्यक्ष चालेपर्यंत चूक दिसत नाही. त्याहून कठीण ते, जे दोन्हीकडे चालते पण अर्थ वेगळा देते. ओरॅकल रिकाम्या मजकुराला ‘काहीच नाही’ मानतो. पोस्टग्रेस रिकामा मजकूर आणि ‘काहीच नाही’ यांत फरक करतो. ज्या शेतकऱ्याच्या नोंदीत मधल्या नावाची जागा रिकामी आहे, तो एका अहवालात येतो आणि दुसऱ्यात गळतो.

एरर न देता अर्थ बदलणाऱ्या या मूक वर्तनाचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण बिटकॉइनचे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ०.८ आवृत्तीने ब्लॉकच्या नोंदींसाठी बर्कली डीबी काढून लेव्हलडीबी आणला. बिल्ड झाले, चाचण्या झाल्या. मार्चमध्ये एक मोठा ब्लॉक आला आणि जाळ्याचे दोन तुकडे झाले. नव्या आवृत्तीने तो ब्लॉक स्वीकारला, जुनीने नाकारला. शोध घेतल्यावर कळले, की बर्कलीत एका वेळी किती कुलुपे लावता येतील यावर १०,००० ची मर्यादा घातलेली होती. तेवढ्या कुलुपांत न बसणारा ब्लॉक जुन्या आवृत्तीत नापास होत होता. ही मर्यादा कुणी नियम म्हणून लिहिलेली नव्हती. ती डेटाबेसची एक बारीकशी मांडणी होती. पण सगळे जण तोच डेटाबेस वापरत होते तोवर तीच सगळ्यांचा अलिखित नियम बनली होती. अखेर ब्लॉक बनवणाऱ्यांना जुन्या आवृत्तीवर परत जावे लागले. डेटाबेस बदलताना आपण फक्त साठवणीची जागा बदलतो आहोत, असे समजणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग सविस्तर वाचावा.

आपल्याकडचे असे मूक वर्तन डीबीएफमध्ये आहे. फॉक्सप्रोत नोंद खोडली, की ती फाइलीतून जात नाही. नोंदीच्या सुरुवातीला यासाठीच राखलेल्या जागी एक तारांकित खूण पडते आणि प्रोग्राम ती नोंद दाखवणे थांबवतो. ‘पॅक’ केल्याशिवाय ती खरोखर पुसली जात नाही, आणि पॅक करायला वेळ लागतो म्हणून ते वर्षानुवर्षे केलेले नसते. नव्या डेटाबेसमध्ये माहिती ओतणाऱ्याने ती खूण पाहिली नाही तर खोडलेले सभासद उठून बसतात, फेडलेली कर्जे पुन्हा थकीत दिसतात. याचा उलट धोकाही आहे. काही प्रोग्रामांत ही खूण ‘तात्पुरते बाजूला ठेवले’ या अर्थाने वापरलेली असते. कोणता अर्थ खरा, हे कोड वाचूनही नेहमी कळत नाही. त्या संस्थेत वीस वर्षे काम केलेल्या गटसचिवाला विचारावे लागते.

मराठी अक्षरांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. जुन्या फाइलींत मराठी दोन प्रकारे आढळते. एक इस्कीमध्ये, ज्याचे मानक १९९१ मध्ये ठरले आणि ज्याच्या प्रसारात पुण्याच्या सीडॅकचा मोठा वाटा होता. तिथे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठतात, त्यामुळे युनिकोडमध्ये नेणे तुलनेने सरळ. दुसरा प्रकार फाँटच्या मराठीचा: साठवलेले असते इंग्रजी अक्षरांच्या जागी आणि विशिष्ट फाँट लावला की मराठी दिसते. इथे अक्षरे दिसण्याच्या क्रमाने असतात. ‘सिरोंचा’मधली वेलांटी ‘स’च्या आधी साठलेली, ‘चामोर्शी’तला रफार ‘शी’च्या नंतर. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला तो रफार उचलून दोन जागा मागे न्यावा लागतो. तो चुकला, की चामोर्शी नावाचा तालुकाच अहवालातून नाहीसा होतो आणि त्याच्या जागी न वाचता येणारा एखादा शब्द येतो. ‘ऱ्हा’, ‘ऱ्या’तला ऱ, ‘ळ’, अर्धचंद्र यांवर खास लक्ष द्यावे लागते, कारण रूपांतराची पुष्कळ साधने हिंदी समोर ठेवून केलेली असतात. शिवाय डीबीएफमध्ये रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजलेली. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. जुनी लांबी तशीच ठेवली तर लांब गावनावे मध्येच तुटतात.

हे सगळे कुणी नीट केले आहे का? केले आहे, आणि त्यांच्या पद्धतींत एक साम्य दिसते. ओपनएलडॅप या डिरेक्टरी सर्व्हरने २०२१ च्या २.५ आवृत्तीत बर्कलीवरचे भाग काढून टाकले. त्याआधी कित्येक वर्षे नवा एलएमडीबी शेजारी उभा होता आणि सूचना स्पष्ट होती: जुनी आवृत्ती चालू असतानाच सगळी माहिती साध्या मजकुरात बाहेर काढा, मग नवी बसवा. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सबव्हर्जननेही असेच केले. तिथे नवा साठा २००५ पासून मूळ निवड झाला, बर्कलीचा साठा २०१३ मध्ये ‘सोडावा’ असे सांगितले गेले, आणि दोन्हींमध्ये ने-आण करणारी साधी मजकूर-फाइल सतत उपलब्ध राहिली. पायथनने २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत बर्कलीचा भाग मूळ संचातून बाहेर काढला, तेव्हा तो वेगळा मिळत राहिला.

पण मला सर्वांत आवडलेली पद्धत आरपीएम या पॅकेज मॅनेजरची. फेडोरा ३३ मध्ये, २०२० च्या ऑक्टोबरात, पॅकेजांची नोंदवही बर्कलीतून एसक्यूलाइटमध्ये गेली. त्या वेळी आरपीएमच्या मंडळींनी बर्कलीची लायब्ररी न वापरता जुन्या फाइली फक्त वाचू शकेल असा एक छोटा भाग स्वतः लिहिला. लिहिण्याची सोय नाही, दुरुस्तीची नाही, फक्त वाचण्याची. त्यामुळे अवलंबन खरेच गेले आणि कुणाची नोंदवही अडकून पडली नाही. आपल्याकडे डीबीएफसाठी असा वाचक लिहिणे अवघड नाही. त्या फाइलीची रचना साधी आणि सर्वज्ञात आहे. अवघड आहे ते, या कामासाठी वेगळे पैसे द्यावेत हे संस्थेच्या संचालकांना पटवणे.

तपासणीच्या बाबतीत मात्र जगाकडे पाहायची गरज नाही. सातबाऱ्याचे संगणकीकरण करताना महाराष्ट्राने चावडी वाचन केले. संगणकातला उतारा आणि हस्तलिखित उतारा जुळतो का हे गावात, खातेदारांसमोर मोठ्याने वाचून पाहिले, चुका नोंदवल्या, दुरुस्त केल्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी लोकांसाठी खुला झाला. त्यातही चुका राहिल्या, आजही दुरुस्तीचे अर्ज येतात. तरी पद्धत म्हणून ती मला कोणत्याही स्वयंचलित चाचणीइतकी मोलाची वाटते. बेरजा जुळल्या, नोंदींची संख्या जुळली, म्हणजे माहिती बरोबर आली असे होत नाही. दोन्ही मार्कंडांची थकबाकी अदलाबदल झाली तरी तालुक्याची बेरीज तीच राहते. ते ओळखू शकणारा माणूस त्या गावातच असतो.

हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सगळ्या संस्था एकाच सामाईक सॉफ्टवेअरवर आणायच्या, तेव्हा ज्यांच्याकडे आधीपासून जुने प्रोग्राम आहेत त्यांची माहिती उचलून न्यावी लागणारच. अशा प्रत्येक संस्थेने करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात असे मला वाटते. जुन्या मूळ फाइलींची न बदललेली प्रत संस्थेकडेच राहील. माहिती साध्या मजकूर-फाइलींतही दिली जाईल. आणि रूपांतरानंतर सभासदनिहाय यादी संस्थेच्या कार्यालयात लावून हरकतींसाठी मुदत दिली जाईल. ही तिसरी अट सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत आधी वगळली जाते.

वेळही जपून निवडावी लागते. सेवा सहकारी संस्थेचे वर्ष पीककर्जाच्या तालावर चालते: एप्रिलपासून जूनपर्यंत वाटप, ३१ मार्चपर्यंत वसुली, त्यानंतर लेखापरीक्षण. मार्चच्या तोंडावर डेटाबेस बदलायला काढला तर व्याजसवलतीची गणिते नेमकी अर्धी जुन्यात आणि अर्धी नव्यात अडकतात. भाताची रोवणी आटोपलेली असते, वाटपाची गर्दी ओसरलेली असते आणि वसुली अजून लांब असते, असा काळ ऑगस्ट-सप्टेंबरचा. तेव्हा जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवून रोजची किर्द ताडून पाहता येते, आणि पुढच्या मार्चची वसुलीची यादी नव्या डेटाबेसमधून काढताना जुना वाचक हाताशी ठेवता येतो.